भोपळा कोणी फोडला

२ ऑक्टोबर, बुधवार

वेंडेलने आज बाबांना पुन्हा नळापासून हाकललं. शहाऐंशी वर्षांचा माणूस, हातात काठी, दुसऱ्या हातात इवलीशी झारी – आणि हा माझा एकोणसाठ वर्षांचा घोडा भाऊ कुंपणावरून ओरडतोय, "बाबा, तिकडे नाही. त्र्याहत्तर साली काय झालं ते विसरलात का?"

बाबा "बरं" म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. मी आपली धुतलेलीच बशी पुन्हा धूत राहिले.

त्र्याहत्तर सालचा भोपळा मी फोडला. बाबांनी नाही. हे या वहीशिवाय कोणालाच ठाऊक नाही. बारा तारखेला जत्रेत वेंडेलच्या भोपळ्याचं वजन आहे. त्याआधी सांगायचं. नक्की!

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही सांगितलं. त्याऐवजी शेजारच्या पोरींसाठी भोपळे कोरायला बसले आणि हात कोपरापर्यंत गरात गेल्यावर सगळं आठवत सुटलं.

आमच्याकडे कोरायचा दिवस म्हणजे स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं अंथरायची, आई बिया मीठ लावून भाजायची आणि बाबा सुऱ्यांना धार लावताना दरवेळी एकच भाषण ठोकायचे – बोटं दहाच असतात, वगैरे. मग वेंडेल गराचा गोळा माझ्या डोक्यावर थापून "ग्लेनाला नवे केस आले" म्हणायचा. दर वर्षी! आणि दर वर्षी मी रडायचे.

प्रत्येक भोपळ्याला कोणा ना कोणा नातेवाइकाचं तोंड द्यायचं असा नियम होता. एकदा बाबांनी आयोनी मावशीचं तोंड कोरलं, पुढच्या दोन दातांसकट. मावशी पायरीवर थबकली, निरखून पाहिलं आणि म्हणाली, हा मेला ऑरिनचा बाप दिसतो. ऑरिन म्हणजे आमचे बाबा, आणि त्यांच्या वडिलांना दातच नव्हते. आईला एप्रन तोंडात कोंबून मागच्या दारी जावं लागलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

वेंडेल खुशीत होता. सांगायला तोंड उघडलं आणि भाजलेल्या बियाच टाकल्या तोंडात.

७ ऑक्टोबर, सोमवार

आता लिहूनच टाकते.

मी नऊ वर्षांची, वेंडेल तेरा. त्याने त्या वर्षी पहिल्यांदा वजनाच्या स्पर्धेसाठी भोपळा धरला होता. नाव ठेवलं होतं सिनेटर, कारण तो नुसता बसून फुगत होता. दिवसभर त्याच्यावर सावलीला चादर, रात्री आजीची गोधडी. शेवटच्या आठवड्यात तर वेंडेल स्वतःच तंबू ठोकून त्याच्या शेजारी झोपायला लागला. जेवायलाही तिथेच. मास्तरांनी शाळेत निबंध लिहायला सांगितला, "माझा जिवलग मित्र" – त्यात त्याने सिनेटरचा घेर लिहिला.

आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं की शेवटच्या दिवसांत पाणी आवरायचं. जास्त झालं की साल तडकते, आणि तडकलेला भोपळा काट्यावर घेत नाहीत. मलाही माहीत होतं. पण शेजारचा स्टोल्झफसांचा भोपळा मोठा दिसत होता. मी वेंडेल शाळेतून यायच्या आत अख्खी बादली साखरपाणी मुळाशी ओतलं. त्याने जिंकावं म्हणून! दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. वजनाच्या आदल्या सकाळी सिनेटर देठापासून पोटापर्यंत उलला होता.

वेंडेल बाबांच्या अंगावर धावून गेला – तुम्हीच पाणी घातलंत, मी पाहिलंय तुम्हाला झारीसकट. बाबा म्हणाले, "हो रे, माझ्याकडून जास्त झालं." मी कोठाराच्या दारात उभी होते. तोंडाला कुलूप. तेच आजपर्यंत. आईने सिनेटरचे 'पंपकिन पाय' भाजून आम्हाला डिसेंबरपर्यंत खाऊ घातले.

बाबांना वेलीला पाणी घालण्यापेक्षा दुसरं काही आवडत नाही. आणि माझ्यामुळे ते शेताच्या कडेला खुर्चीत बसून असतात. लाज वाटते मला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या. आज वेंडेलचं डोकं दुखत होतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं!!

जेवताना, मक्याच्या पावावर लोणी लावता लावता. दोन बादल्या, साखर, सगळं. वेंडेलचा चमचा हवेत राहिला. मी बाबांकडे बघून माफी मागितली.

बाबांनी बोटं मोजली. म्हणाले, "दोन तुझ्या? मग माझ्या तीन जमेला धर." त्यांनी खरंच घातलं होतं! त्यांनाही स्टोल्झफस खुपत होता.

मी वेंडेलकडे पाहिलं. तो बीटासारखा लाल. बशीकडे बघत बोलला, "शाळेत जाताना मी नळी सोडून जायचो. चालूच."

बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग वेंडेल उठला, कोठारातून झारी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

एक हजार एकशे चार पौंड. पाचवा नंबर. काल शेवटचं पाणी बाबांनी घातलं, हे त्यांनी जत्रेत भेटेल त्याला सांगितलं, पोलिसालासुद्धा. घरी परत येईपर्यंत त्र्याहत्तरच्या गुन्ह्यात कोणाचा वाटा मोठा यावर आम्ही तिघं गाडीत भांडत होतो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर आयोनी मावशी जेवायला आली. तिला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही.

"कोणाच्या पाण्याने नाही फुटला. माझ्या बहिणीने, तुमच्या आईने, पहाटे देठापाशी सुरीचं टोक लावलं. पोराची छाती भात्यासारखी वाजत होती आणि तो थंडीतून आत यायला तयार नव्हता. मला शपथ घातली होती, पण आता तिला जाऊन सहा वर्षं झाली."

वेंडेल उठून बाहेर गेला.

बाबांनी आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि मी चाळीस वर्षं म्हणत होतो, किती मोठ्या मनाची बायको मिळाली, पाण्यावरून एकदाही बोलली नाही मला."