शेवटच्या पाटीवर वैदेहीचं नाव

देवळी, रविवार, संध्याकाळ

पाठवली एकदाची. माझी पहिली शॉर्टफिल्म फेस्टिव्हलला गेली. कॉलेज सोडल्यापासून घरचे रिकामटेकडा म्हणतात. म्हणू दे.

दुपारी मात्र सगळं फिसकटलंच होतं. फिल्ममधला बाईचा आवाज वैदेहीचा. तो घुमू नये म्हणून तिला आमच्या कापसाच्या खोलीत बसवून रेकॉर्ड केलं होतं. बाहेर आली तेव्हा केसांत कापूस. मी सांगितलंच नाही, बघत राहिलो. तिचे बाबा मास्तर, कडक. म्हणून फिल्म संपताना नावं येतात त्या शेवटच्या पाटीवर तिच्या नावाऐवजी मी 'एक मैत्रीण' टाकलं.

दुपारी फिल्म आधी तिला पाठवली, तिनं ते पाहून फोन केला.

"काऊन लपवून राह्यला रे मले?"

"तुझ्या बाबाच्या भेवानं."

"भेव तुले आहे, मले नाई. पूर्ण नाव टाक, नाई तं माझा आवाज काढ."

मी भडकून फोन ठेवला. पण तो कापूस काही डोळ्यांपुढून जाईना. नाव टाकलं, फिल्म पाठवली, तिला कळवलं.

आत्ता तिचा मेसेज आला. 'बाबाले सांगितलं. पोरगा कोण म्हणून विचारून राह्यले. काय सांगू?'

फेस्टिव्हलवाले कळवतील तेव्हा कळवतील. याचं उत्तर मला आत्ता द्यायचं आहे, आणि मी उगाच हसत बसलोय.