पांढरा थेंब

४ फेब्रुवारी
पोचलो एकदाच्या! रोपवाटिकेच्या मागेच आमची खोली. खिडकीला लागून चिकाच्या झुडपांचं हिरवंगार कुंपण. माझ्या लेकीने, पिल्लूने, आल्या आल्या कॉट बळकावली आणि मला जमीन बहाल केली. वय सहा, थाट घरमालकिणीचा. उद्यापासून मी कलमं बांधणार. नोकरी मिळाली, डोक्यावर छप्पर आलं. आज मी अगदी खूश आहे.

९ फेब्रुवारी
त्याच झुडपांवर कलमं बांधतो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून सगळे कापलेली काडी ओठांत धरतात. चिकाने जीभ बधिर होते. मुकादमकाका म्हणाले, तोंड बधिर झालं की समजायचं, हात बसला. माझा बसला असावा. जेवताना जीभ चावली तरी पत्ता नाही. पिल्लूने माझ्या बोबड्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

२७ फेब्रुवारी
पिल्लूचा दुधाचा दात हलतोय. रडून घर डोक्यावर घेतलं. काकांनी सांगितलं तशी काडी मोडली, पांढरा थेंब हिरडीवर लावला. लगेच गप्प. इथे दातदुखीवर सगळ्यांच्या घरी हेच. औषध दारात, तेही फुकट.

१५ एप्रिल
दोघींचाही ताप हटत नाही. पिल्लूच्या ओठावरचा फोड चिघळतोच आहे. हवा बदलली की असं व्हायचंच. आणखी एक दात पडला. आता थेंब रोज लागतो.

३० मे
मागची दाढ हलतेय, त्या बाजूचा गाल सुजलाय. दाढा इतक्या लवकर पडतात? काका म्हणाले, पोर वाढतेय. बोलताना त्यांचा मफलर सरकला. मानेवर गाठीच गाठी. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. इथल्या जुन्या माणसांना होतात म्हणे. खोलीवर येऊन पिल्लूची मान चाचपली.

८ जून
डॉक्टरीणबाईंनी पिल्लूचा जबडा चाचपला. दातांना काय लावता, विचारलं. सांगितलं, तर चेहराच उतरला. म्हणाल्या, असा चीक रोज पोटात गेला की शरीराची राखण ढिली पडू शकते. अंगात निपचित पडलेला विषाणू उठतो, मग गाठ धरते. यामुळेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, पण थेंब आजपासून बंद.
मी लावला. माझ्या बोटाने.

१४ जून
कॅन्सर.
लिहिला शब्द. मोठ्या इस्पितळात खाट मिळेल, तोवर गोळ्या. पोटात ठरत नाहीत —

१६ जून
उशीवर दोन दाढा. ती बघत बसली होती. काकांना हात जोडले, सगळ्यांना सांगा, काडी तोंडात धरू नका. मान डोलावली त्यांनी. ओठांत काडी तशीच —

१७ जून, दुपार
इस्पितळाची गाडी उद्या येणार. गोळी ओकली. किंचाळतेय. खिडकीकडे बोट — आई, पांढरं लाव ना —
नाही.

आवाज बसला तिचा. नुसतं तोंड उघडतेय.

काडी मोडली. मीच. डाव्या हातात आहे. उजव्याने लिहितेय, लिहीत राहिले तर हा हात तरी तिच्याकडे — थेंब जमतोय — तिने पाहिला. हसली. किती दिवसांनी हसली माझी — एकदाच, फक्त एक —