बाबा जमिनीपासून जरा वर आहेत

दि. ३ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फक्त बाबा जमिनीपासून जरा वर आहेत. कसे ते सांगतो.

दवाखान्यासाठी मी परदेशातून आलेली दातांची जुनी खुर्ची घेतली. उद्घाटनाला बाबांनाच तिच्यात बसवलं आणि नेमकी वीज गेली. वीज ती वीज, असं समजून मी खुर्चीची पिन थेट बॅटरी बॅकअपमध्ये खुपसली. खुर्ची किंचाळली, बाबांसकट छातीइतकी वर गेली, फट् आवाज झाला आणि तिथेच थांबली. बाबांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

स्टूल लावून हात दिला तर उतरायला तयार नाहीत. म्हणाले, विजेने वर आलोय, विजेनेच खाली येईन. उभी हयात त्यांनी लिफ्ट चालवली, पण अडकलेल्या एकाही माणसाला मधल्यामधे उडी मारू दिली नाही. आता स्वतःच मारली तर कुणाला तोंड दाखवू, असं त्यांचं म्हणणं. जेवायला, आंघोळीला, झोपायला स्टुलावरून उतरतात, पण त्याला ते सुट्टी म्हणतात. सुट्टी संपली की पुन्हा वर.

पेशंट मी खाली लाकडी खुर्चीत तपासतो. बाबा वरून प्रत्येकाला विचारतात, कुठला मजला? काल एका बाईंनी तिसरा सांगितला आणि दाढ न दाखवताच जिना चढून गेल्या.

तू नोकरी सोडून ट्रान्सफॉर्मर बनवायचा कारखाना काढलास तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दिवसभर पाय लोंबकळून सुजायला लागलेत. तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना आधी हसले, मग पायांचं वाचलं आणि हसू गिळलं.

खुर्चीच्या पाठीमागची पट्टी वाचली होतीस का? तिच्यावर एकशेदहा व्होल्ट लिहिलेलं असणार. तुझा बॅकअप देतो दोनशेतीस. एकाच्या ताटात दोघांचं वाढलंस. फ्यूज उडाला म्हणून मोटर वाचली असेल. तसाच नवा फ्यूज घाल. तार गुंडाळून भागवू नकोस, तुझा स्वभाव मी ओळखते.

सोबत व्होल्टेज निम्म्यावर आणणारा ट्रान्सफॉर्मर पाठवते आहे. आधी बॅकअप, मग ट्रान्सफॉर्मर, मग खुर्ची. हा क्रम चुकवू नकोस. मोटर सुरू होताना हावरटासारखी वीज ओढते, म्हणून मुद्दाम मोठाच केलाय. उचलताना कंबर सांभाळ. त्या वेळी बॅकअपवर दिवे-पंखे नकोत. अर्थिंगची तार खरोखर जोड, शोभेला नको. उलटा जोडलास तर बाबा छतातून आरपार जातील, म्हणून दोन्ही बाजू रंगवून त्यांवर नावं घातली आहेत.

मी पाठवला हे मात्र सांगू नकोस. माझ्या हातचा म्हटलं तर जन्मभर वरच राहतील. बाजारातून आणला म्हण.

जीव लावतोस तसाच लाव, फक्त पिना बघून लाव.

तुझी,
ताई

दि. ११ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ट्रान्सफॉर्मर पोचला. बाजारातून आणला असं मी ठरल्याप्रमाणे सांगितलं. बाबांनी वर मागवून घेतला. दोघांनी मिळून तो त्यांच्या मांडीवर ठेवला. तांबड्या बाजूला तू 'बॅकअप' लिहिलंस ते ठीक, पण हिरव्या बाजूला 'बाबा' लिहिलंयस. बाजारातल्या वस्तूवर बाबा कशाला लिहितात, असं त्यांनी विचारलं. मी खाली वाकून नवा फ्यूज घालायला घेतला.

त्यांनी ती अक्षरं बोटाने गिरवली. मग म्हणाले, जोड.

पुढचं मीच लिहिणार होतो, पण त्यांनी पेन काढून घेतलंय. मी आपला

धाकटा

दि. १२ मार्च

चि. सौ. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं यंत्र घुमतं. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

काल तुझ्या भावाने मला खाली आणलं. पाय फरशीला टेकले तेव्हा तो म्हणाला, तुम्ही अर्ध्यात असतानाच बाहेरची वीज गेली होती, पुढे खुर्ची बॅकअपवर उतरली. मी त्याला खोटारडा म्हणालो. मग खिडकीतून पाहिलं तर समोरच्या लाँड्रीतली यंत्रं बंद, आणि माणसं बाहेर येऊन उभी.

लिफ्टमध्ये असताना वीज जाणार हे आधीच माझ्या तळपायांना कळायचं. लोक ओरडायच्या आधी मी म्हणायचो, घाबरू नका. चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या लिफ्टमध्येही ते कळलं. काल कळलं नाही.

कारखाना बघायला यावं म्हणतो. जिना असेल तर तसं कळव, पाय अजून दुखतात.

उत्तर मलाच लिही. धाकट्याला नको.

तुझे,
बाबा