बाबांची बुटकी मोरपंखी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुझे गुडघे काय म्हणतात?

नर्सरीत आता माझ्याकडे बुटकी झाडं दिली आहेत. कुंडीतच म्हातारी होणारी, गुडघ्याएवढी मोरपंखी. परवा एका हिरव्यागार कुंडीला विक्रीची चिठ्ठी लावत होतो, तर माळीबुवा म्हणाले, "अरे, ते मेलंय. मुळं सुकली तरी हे झाड महिना-दीड महिना हिरवंच दिसतं."

मला एकदम आपल्या घरची कुंडी आठवली. बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांची मोरपंखी माझ्यावर सोपवली होती. महिनाभर मी थेंबभर पाणी घातलं नाही. हिरवी दिसतेय ना, मग झालं! तू माहेरी आलीस आणि आठवड्यात ती तांबूस पडली. "ताईनं पाणी ओतून ओतून मारली," असं बाबांना मीच सांगितलं. तेव्हापासून ते तुला कुंड्यांना हात लावू देत नाहीत.

बाबांना आजच सगळं खरं लिहिलंय.

एक विचारू? आल्या दिवशी तू त्या कुंडीतल्या मातीत बोट खुपसलंस, माझ्याकडे बघितलंस आणि गुपचूप पाणी आणायला गेलीस. तुला तेव्हाच कळलं होतं ना गं?

तुझा,
छोटू