ह्यात मी कुठे?

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आईचं ते पिवळ्या पट्ट्याचं चित्र पाठवा, एवढंच तर मागितलं होतंस. रोज ते उतरवायला स्टुलावर चढायचो आणि हात हलवत खाली यायचो. आई असती तर म्हणाली असती, अहो, स्टूल कमी पडतंय की हिंमत?

माझं काम कसं चालायचं ते तू पाहिलंयस. आई खिडकीशी भाजी निवडत बसायची, नाहीतर दोरीवरचे कपडे काढत असायची. मी आधी तिला हुबेहूब काढायचो, नाकाडोळ्यांसकट. मग सुरीने खरवडायचो आणि नुसते आकार उरेपर्यंत वर रंग चढवत राहायचो. माणूस आहेही आणि नाहीही, असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो. चित्र वाळलं की आई कमरेवर हात ठेवून समोर उभी. "अहो, ह्यात मी कुठे?" मी बोट दाखवायचो, हा पिवळा पट्टा, ही तू. मग तुला कडेवर घेऊन ती तोच पट्टा तुला दाखवायची.

चिमणे, मी थापा मारत होतो. खरवडलेली ती नेमकी कुठे होती, हे माझ्या कधीच लक्षात राहिलं नाही. बोट जाईल तिथे तिला बसवायचो. ती गेल्यापासून रोज तिचा चेहरा काढायला बसतो. हनुवटीपर्यंत येतो, पुढचं येतच नाही. चाळीस वर्षं समोर बसलेलं माणूस, आणि मला तिचे डोळे आठवत नाहीत. ह्या हाताची मला किळस येते. कशातच राम उरलेला नाही बघ.

काल एकदाचं चित्र उतरवलं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं आईचं अक्षर: "मी: पिवळी, डावीकडे." मग घरातली सगळीच चित्रं उलटी केली. प्रत्येकामागे तिने आपली जागा लिहून ठेवली होती. निळी, कोपऱ्यात. राखाडी, दाराजवळ. शेवटच्या चित्रामागे, आजारपणातल्या वाकड्या अक्षरात, इतकंच होतं: "मी: विचारलं नाही."

मागितलेलं चित्र पाठवतोय. रंगांची बाजू भिंतीकडे करून लाव, कारण आई मागेच आहे. शेवटचं मात्र मागू नकोस. ते मी माझ्या पलंगासमोर लावलंय, तसंच, भिंतीकडे तोंड करून.

तुझाच,
थापाड्या बाबा