सेप्तिमियु रुसान यांच्या बायकोची अखेरची इच्छा

मी, वेतुरिया रुसान, वय एकोणऐंशी, माजी खासदार कै. सेप्तिमियु रुसान यांची पत्नी, राहणार सालाश, मुरेश नदीकाठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याची डॉक्टरांनी खात्री केली आहे. अक्षर वाकडे येते ते वयामुळे. कोणी धाक घातला म्हणून नव्हे.

१. राहते घर माझी मुलगी दोरीना हिला मिळावे. यांच्या पक्षाचे सचिव कोस्मा इथे यांचे स्मारक करायचे म्हणून खेटे घालत आहेत. "वहिनी, ते राष्ट्राचे होते हो!" असतील. घर माझ्या वडिलांचे आहे. स्मारकाला एक वीटही देऊ नये.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात हुकूमशाही कोसळताना पावाच्या गाडीवर चढून माझा नवरा, हा भूगोलाचा मास्तर, बोलला, तेव्हा सगळा चौक रडला होता. आमची हंगेरियन शेजारीणसुद्धा. दोन वर्षांत त्याच तोंडाने तिला परकी ठरवले. तेवढ्या भांडवलावर तीनदा निवडून आले.

२. ओढ्यापलीकडची आलुबुखाऱ्याची बाग रोझालिया लाकातुश हिला द्यावी. तिथे पूर्वी रोमा, म्हणजे जिप्सी लोकांची वस्ती होती. गुत्त्यातल्या मारामारीत आमच्यातला एक तरुण मेला, तेव्हा यांनी चौकात विचारले, "पोलिसांची वाट किती दिवस बघणार?" लोक तिथून थेट वस्तीवर गेले. रोझालियाचा बाप आमच्या लग्नात अकॉर्डियन वाजवायला होता. तो घरातच जळाला. हे येऊन जेवायला बसले.

"कपड्यांना धूर लागलाय तुमच्या."

"मी फक्त बोललो, वेतुरिया. काडी ओढली का मी?"

न्यायालयाचेही तेच मत पडले. पुढे पालिकेने ती जागा यांनाच दिली. म्हणून कागदावर 'दान' लिहू नये. 'परत केली' असे लिहावे.

३. बँकेतली शिल्लक नातू बालिंत याला. त्याने हव्या त्या भाषेत शिकावे. दोरीनाने हंगेरियन पशुवैद्याशी लग्न केले, तेव्हा हे टीव्हीवर म्हणाले, "मला मुलगी नाही." पक्षाघाताने वाचा गेल्यावर पक्षाचे कुत्रेही फिरकले नाही, त्या मुलीनेच भरवले. एका दुपारी बालिंत उशाशी बसून आईशी हंगेरियनमध्ये काही बोलला. यांनी घास थुंकला आणि भिंतीकडे तोंड फिरवले. दोरीनाने हनुवटी पुसली.

"खा ना बाबा, गार होतंय."

त्यांनी पुन्हा तोंड उघडले नाही. त्याच आठवड्यात गेले. माझ्या डोळ्यांना पाणी आले ते मुलीच्या हातातल्या चमच्याकडे पाहून.

४. दफनभूमीतल्या दगडावर यांनी हयातीतच स्वतःशेजारी माझे नाव, जन्मसाल आणि पुढे एक रेघ कोरून घेतली आहे. मला तिथे पुरू नये. डोंगरातल्या माझ्या गावी, आईजवळ पुरावे. पक्षाने गाडी पाठवल्यास ती परत धाडावी. दगडावरचे नाव मात्र खोडू नये, आणि रेघेपुढे काही कोरूही नये. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे, जागा राखली होती. ती आली नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, आमच्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार: डॉ. एमिल ब्रातु, दंतवैद्य (सही)
साविना पोप, निवृत्त टपाल कर्मचारी (सही)

वेतुरिया रुसान (सही)
सालाश, १४ मार्च २०२३