काढून ठेवलेला व्हॉल्व्ह

भागिरथी,

खडीच्या कामावरून आलीस की आधी घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच. तुझा भाऊ गोरक्ष जिता आहे, पण डोळे वाचतील का ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्याला नगरच्या दवाखान्यात नेलंय.

नदीच्या वाळूतून पाण्याचा ट्रक काढायचा तर टायरची हवा कमी करावी लागते, वर आल्यावर पुन्हा भरावी लागते. त्यासाठी मी गाडीवरच कॉम्प्रेसर बसवला, तू त्याला हळदकुंकू वाहिलंस. त्याची हवेची टाकी आज गोरक्षाच्या तोंडासमोर फुटली. दाब वाढला की जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह सारखा फुसफुसायचा, टायर लवकर भरेनात. म्हणून मी तो काढला आणि भोकात बोल्ट आवळला. गोरक्ष म्हणाला होता, "दाजी, ह्ये बरं न्हाई." मी म्हणालो, "गाडीतलं तुला कळतं का मला?"

आता तो फौजदाराला सांगतोय, की बोल्ट त्यानं स्वतःच बसवला. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून. लई शाना लागून गेलाय! मी चौकीवर खरं सांगायला चाललोय.

म्हशीला कडबा टाकलाय. भाकरी टोपल्यात आहे, उपाशी राहू नकोस.

व्हॉल्व्ह देवळीत, कुंकवाच्या करंड्यामागं आहे. पोलीस मागायला येतील. मला वाचवायचं म्हणून कोरड्या विहिरीत फेकशील, तसं करू नकोस. माझी बायको व्हायच्या आधी तू त्याची बहीण होतीस. तुझ्या हातानं दे.

कोंडीराम